घराला न टेकलेला ओटा

बबनराव ओट्याच्या लोखंडी चौकटीवर चढून पायांनी दणके देत होते. चौकट तसूभरही हलली नाही. फळ्या तेवढ्या बसायच्या होत्या.

"हत्ती बांधता काय याच्यावर?" बाबुलाल मिस्त्री हसला. "अन् एक बाजू घराच्या भिंतीले टेकवा ना. खांब वाचतीन."

"घराले लागू द्यायचा नाही. सुटा पायजे."

मिस्त्री पुढच्या खांबाकडे वळला. साऱ्या गावाला ठाऊक होतं. लेकीनं, अर्पितानं, गावाबाहेरच्या वस्तीतल्या नयनशी लग्न केलं, तेव्हा बबनरावांनी भाऊकीसमोर शपथ घेतली होती: पोरगी अन् जावई माझ्या घराचा उंबरठा चढणार नाहीत. भाऊकी चहा पिऊन निघून गेली. शपथ बापाच्या छातीवर बसून राहिली.

पोरीचा आवाज घरात यायचा तो तिच्या आईच्या, इंदूबाईच्या, फोनमधून. बबनराव दाराआड उभे राहून ऐकायचे. खोकला गेला का, एवढं कळलं तरी त्या रात्री झोप लागायची. दारव्ह्याच्या बाजारात बोरं दिसली की पोरीसाठी घ्यायचे, अन् घर येण्याआधी कुणाच्याही लेकराच्या ओंजळीत ओतून टाकायचे.

मग त्यांना वाट सापडली. परसात निंबाखाली लाकडी ओटा. ओट्याला उंबरठा नसतो. शपथही राहील, पोरही भेटेल.

काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते. म्हणून त्यांनी मुरूम लागेस्तोवर खड्डे खोदले, खांब गिट्टी-सिमेंटात गाडले. घाटंजीहून सागाच्या फळ्या आणल्या. पोरीच्या पायात कुसळ जाऊ नये म्हणून प्रत्येक फळी स्वतः घासली.

"एवढा जीव तुटते तं दार उघडा ना," इंदूबाई म्हणाली.

"लोकाईले काय तोंड दाखवू?"

"कोणते लोकं? चहा ढोसून गेले ते?"

बबनराव फळी घासत राहिले. शेवटी इंदूबाईनंच फोन करून दोघांना बोलावलं.

अर्पिता परसाच्या फाटकातून आली. मागे नयन. वाळली होती पोरगी.  बबनरावांनी ओट्यावरच्या सतरंजीची सुरकुती हातानं काढली, उगाच पुन्हा काढली.

"बस वं माय. जावई, तुम्हीबी बसा. लय मजबूत केला. पिढ्या गेल्या तरी हालत नाही."

नयन चप्पल काढायला वाकला. अर्पितानं त्याचा हात धरला. तिनं निंबाखालचा ओटा पाहिला, घराचं बंद दार पाहिलं. डोळे भरून आले होते, पण आवाज कापला नाही.

"बाबा, याच्या आज्यालेही आपल्या घरी परसातच बसवत होते. तवा खाली फळ्या नव्हत्या, एवढाच फरक."