तेवढे झिंगे सोडून

"झिंगे संपले ताई," नईम म्हणाला.

आणि आरतीच्या डोळ्यांदेखत त्याने मागच्या टोपलीतले झिंगे दुसऱ्या बाईच्या पिशवीत घातले.

"मग ते काय होय?"

"ते सांगून ठेवलेले. तुमी रोहू न्या ना, एकदम ताजा आहे."

अकोल्याच्या मच्छीबाजारात तो तिला असाच टाळायचा. बाकी सगळी मच्छी द्यायचा, तेवढे झिंगे सोडून.

शेजारच्या गोदाबाईंना याच्याच दुकानातले झिंगे सोलताना बोटात काटा घुसला होता. बघता बघता हात सुजला. डॉक्टरांनी औषधांवर औषधं बदलली, एकही लागू पडेना. शेवटी दोन बोटं कापावी लागली. आरती कॉलेजच्या प्रयोगशाळेत जंतूंवरच काम करायची. तिला ते झिंगे तपासायचे होते, आणि हा माणूस नेमके तिलाच देत नव्हता. आपण कोण, हे याला कळलंय की काय?

तिने मैत्रिणीला, नगमाला पाठवलं. नगमाला त्याने हसत हसत झिंगे दिले. गोदाबाईंच्या जखमेत होते तेच जंतू त्यांत निघाले.

आरती तडक दुकानात गेली.

"माल खराब आहे हे तुमाले माहीत होतं नईमभाई. म्हणूनच मले देत नव्हते!"

नईमचा चेहरा उतरला. "अल्लाकसम ताई, माह्ये लेकरं हेच खातात."

"मग कोणाकडून आणता? झिंग्यांच्या तळ्यात कोणी सारखी औषधं ओतून राहिलं. त्यानंच हे जंतू कोणत्याच औषधाले जुमानत नाई. उद्या तुमच्या लेकरांचं काय?"

नईमने टोपली ओढून झाकली.

"नाव सांगू नको म्हणून शपथ घातली आहे त्यायनं."

"कोणी?"

"मोर्शीहून येतात हे झिंगे. शेततळ्यातले." त्याने मान खाली घातली. "तुमच्या बाबांच्या. वामनरावांच्या."

आरतीने दुकानाची फळी घट्ट धरली. संत्र्याच्या बागेसाठी खोदलेलं ते तळं तिने पाहिलं होतं.

"बाबांले ठाऊक नसन," ती कशीबशी म्हणाली. "त्यायले कोणीतरी फसवलं असन."

"मले वाटलं, झिंगे खाऊन तुमच्या अंगावर पित्त उठत असन," नईम म्हणाला. "पहिल्याच दिवशी तुमचा फोटो दाखवून बजावलं होतं त्यायनं. कोणालेबी विक, म्हणे, पण माह्या पोरीले देऊ नको."