आखाजीच्या आदल्या दिवशी बंद पडलेली गाडी

नवलसिंगाच्या पत्राची सोनीबाईला त्या वळणावर आठवण झाली, आणि वळण संपतं न संपतं तोच गाडी बंद पडली.

पत्र चार वर्षांपूर्वीचं. नवलसिंग तिचा धाकटा भाऊ. त्याच्या मुलीच्या, रिनाच्या लग्नपत्रिकेत सोनीबाईच्या नवऱ्याचं, गिरधर मास्तरांचं नाव छापायचं राहून गेलं होतं. मास्तर मांडवातून न जेवता उठले आणि बायकोला घेऊन शहाद्याला परतले. मागून नवलसिंगाचं पत्र आलं. चूक माझीच, आखाजीला अक्काला घेऊन या, असं त्यात होतं. मास्तरांनी उत्तराला कागद घेतला, फाडला, पुन्हा घेतला. मग तो विषयच घरातून गेला. हा राग की लाज, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी नाही, हे खानदेशात लपत नाही. शेजारणी विचारायच्या. सोनीबाई सगळं गुडघ्यांवर ढकलायची. चार आखाज्या अशा गेल्या. यंदा मास्तर म्हणाले, तोरणमाळला जाऊ, तिथे गार असतं. गल्लीत झोके बांधून झाले होते. माहेरवाशिणींची झोक्यावरची गाणी घरात बसून ऐकण्यापेक्षा डोंगर बरा, म्हणून ती निघाली.

गाडी विजेवरची. ईश्वरने, त्यांच्या मुलाने, पुण्याहून पाठवलेली. तिला आवाज असा नव्हताच, त्यामुळे ती थांबल्याचंही सोनीबाईला लगेच कळलं नाही.

"काय व्हयनं?"

"बंद पडली वाटतं," मास्तर म्हणाले. त्यांनी एक बटण दाबलं, मग दुसरं. मग खणातून माहितीपुस्तक काढून ते पहिल्या पानापासून वाचायला लागले.

म्हसावद मागे पडलं होतं. दोन्ही बाजूंना केळी, वर रणरणतं ऊन. सोनीबाईने समोरच्या पडद्याकडे बोट केलं. "ऐंशी टक्का दखाडी ऱ्हायनं ना ते?"

"आकड्यांचं काही खरं नसतं."

"मंग कंपनीले फोन लावा."

"लागत नाही. इथे रेंज कुठली?"

तिने आपल्या मोबाइलवरून ईश्वरला लावला. तो लगेच लागला. ईश्वर म्हणाला, "आई, मला इथे ॲपवर गाडी एकदम ठीक दिसतेय."

"पुण्यात बसून ठीकच दिसणार," मास्तर पुटपुटले आणि त्यांनी पान उलटलं.

सोनीबाईचं डोकं चालेना. पडदा सांगतो चार्ज आहे, मुलगा सांगतो गाडी ठीक आहे, आणि गाडी तर रस्त्याच्या कडेला धोंड्यासारखी उभी. आधीची डिझेलची जीप निदान खोकायची, धूर सोडायची, माणसाला आधी इशारा द्यायची. हिच्यावर भरवसा ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

"इथे जवळपास कोणी ओळखीचं आहे का?" मास्तरांनी पुस्तकातून मान वर न करता विचारलं.

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. तीन शेतं सोडली की नवलसिंगाचा मळा. हे त्यांना ठाऊक नाही? की उन्हाने विसरले?

ती गेली नाही. चार वर्षांनी जायचं आणि तेही गाडी ढकलायला माणसं मागायला? भावाने दार लावून घेतलं तर माहेर कायमचं संपलं. निदान आज ते मनात तरी होतं.

पण बातमी आपोआप गेली. बांधावरून करमसिंग नावाचा शेतकरी बघत होता. थोड्या वेळाने तो बैलजोडी घेऊन आला आणि त्याच्यामागून डोक्याला उपरणं गुंडाळलेला नवलसिंग. त्याचे केस आता पार पांढरे झाले होते.

मास्तर गाडीतून उतरले आणि चष्मा पुसत राहिले.

"अक्का, ऊनमा काबर उभी शे?" नवलसिंग म्हणाला. "चाल घर."

बैलांना दोर बांधला. गाडी सरकली. करमसिंगला राहवलं नाही. "मास्तर, इजनी गाडीले शेवट बैलच लागनात ना!"

मळ्यातल्या घरी रिना पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. कडेवर मूल होतं, सोनीबाईने पहिल्यांदाच पाहिलेलं. मास्तर काहीतरी बोलायला गेले.

"पहिले पानी प्या, दाजी," नवलसिंग म्हणाला.

या घराची रीतच तशी होती. अडचणीत सापडून दारात आलेल्याला आधी पाणी, आणि तो पाणी प्याला की मागचं काही उकरून काढायचं नाही. सोनीबाईचा बाप हे पाळायचा. लग्न झाल्यापासून तिने मास्तरांना हे कितीदा ऐकवलं असेल.

मास्तर पाणी प्याले. पत्रिका निघाली नाही, पत्र निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी आखाजी झाली. पुरणपोळी झाली, आमरस झाला. दुखऱ्या गुडघ्यांनी सोनीबाई निंबाच्या झोक्यावर बसली आणि रिनाने तिला झोका दिला. मास्तर पोराला मांडीवर घेऊन बसले होते. तोरणमाळचं नाव कोणी काढलं नाही. गाडी गोठ्याच्या सावलीत तशीच पडून होती.

निघायच्या सकाळी सोनीबाईने पिशवी उचलली. "मी त्या गाडीमा बसाव नही. यस्टीनी जासू. ईश्वरले सांगा, गाडी परत लई जाय."

मास्तर गाडीत जाऊन बसले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

नवलसिंगाने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली.

"आरे, ती चालस का?" सोनीबाई म्हणाली.

"मी पहाटे म्हसावदलोंग फिराई लयनू तिले. घोडीगत पळस." मग तो खिडकीशी वाकला आणि त्याने आवाज खाली आणला. तरी तिला ऐकू आलंच.

"दाजी, पुढली आखाजीले दारपुढेच बंद पाडा. बैलसले उगा तरास कशाले?"