कोरं शीड

"हे कुणी केलं?"

दादाच्या हातात अजून ब्रश होता, तेव्हा उत्तराची गरजच नव्हती. टेबलावर बाबांचं शेवटचं चित्र होतं. काळवंडलेलं आभाळ, उसळलेला समुद्र, वादळाच्या तोंडी सापडलेल्या तीन होड्या. पुढच्या होडीचं शीड सकाळपर्यंत कोरं होतं. आता त्यावर पांढऱ्या रंगाचा जाड थर बसला होता, भिंतीला चुना फासावा तसा.

"अर्धवट राहिलं होतं," दादा म्हणाला. "उद्या बाबांच्या तेराव्याला माणसं येतील. त्यांच्यासमोर तसंच लावायचं?"

"अर्धवट नव्हतं ते. बाबा पांढरा रंग वापरायचेच नाहीत. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचे. एका घरात राहून तुला एवढंही दिसलं नाही?"

"घरात राहिलो म्हणून बेडपॅन दिसलं. चित्रं बघायला तू होतीस की. सुट्टीत."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाजूला हो."

"हात लावू नकोस. ओलं आहे."

"मला शिकवू नकोस!"

ओला रंग स्पंजने अलगद टिपून घेता येतो, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. चित्राच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या सवयीचे दोन ग्लास होते, एक ब्रश धुवायचा, एक स्वच्छ पाण्याचा. शिडावरची नजर न काढता तिने हाताला लागला त्या ग्लासात स्पंज बुडवला आणि कागदावर दाबला.

पांढरा थर सुटला. त्याच्या जागी करडं पाणी पसरलं. ती घाईघाईने पुसायला गेली, तशी कागदाची साल निघाली. शीड गेलं, डोलकाठी गेली, मग समुद्र होडीत शिरला.



"बुडवलीस," दादा म्हणाला.

"हे घाण पाणी अजून इथे कशाला ठेवलंस?" तिचा आवाज चिरकला. "इतक्या दिवसांत एक ग्लास ओतता आला नाही तुला?"

"त्यांनी शेवटचा ब्रश त्यात धुतलाय. ओतवेना."

तिने स्पंज खाली ठेवला. करडा थेंब टेबलाच्या कडेवरून फरशीवर पडला.

"स्वच्छ पाणी डावीकडे होतं," तिच्याकडे न बघता तो म्हणाला. "रोज सकाळी बदलतो मी."