तक्रार नोंदवली आहे

तिसऱ्यांदा रिंग वाजली तेव्हा मोठीने धाकटीच्या तोंडावर हात दाबला. हुंदके पलीकडे ऐकू जायला नको होते.

"नमस्कार, टीव्ही-फ्रिज दुरुस्ती विभाग. आपली काय मदत करू?"

बाबांचाच आवाज. घरात ज्यांच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, त्या बाबांच्या तोंडात ऑफिसात खडीसाखर असते, हे मोठीला पक्कं ठाऊक होतं. तिथले फोन रेकॉर्ड होतात. आवाज चढला की नोकरी गेली, असं बाबाच आईला सांगायचे. म्हणून तर नऊ वर्षांच्या पोरीने एवढी अक्कल लढवली होती. आई कामावरून यायला रात्र होणार. तेव्हा जे सांगायचं ते आत्ताच, जिथे बाबांना ओरडता येत नाही तिथे.

"तक्रार आहे," ती म्हणाली. "टीव्ही फुटला."



"नवा?"

"हो."

टीव्ही येऊन आठ दिवस झाले होते. बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण साहेब टेबलाशेजारीच चहा पीत उभे होते, आणि साहेबांचे कान बाबांच्या बोलण्याकडे होते. बाबांनी फॉर्म पुढे ओढला.

"कुणाच्या हातून फुटला, मॅडम? लिहावं लागतं."

धाकटी बॉल पोटाशी धरून भिंतीला टेकली होती. तिने मोठीकडे पाहिलं.

"माझ्या," मोठी म्हणाली.

"बरं."

"तुम्ही रागावणार नाही ना?"

"छे हो, मॅडम. आम्ही कशाला रागावू?"

"मारणार पण नाही ना? तसं लिहा फॉर्मवर."

"लिहिलं." आवाज लोण्यासारखा मऊ. फॉर्मवर पेनाचं टोक कागद फाडून टेबलापर्यंत गेलं होतं. "तक्रार नोंदवली आहे. आमचा माणूस सात वाजता येईल. तुम्ही दोघी घरीच थांबा. आणि दाराला आतून कडी लावू नका, मॅडम. मागच्या वेळी फार खोळंबा झाला होता."

फोन ठेवल्यावर साहेबांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. पलीकडच्या टेबलावरच्या नवख्यांना म्हणाले, "शिका जरा. गिऱ्हाइकाशी असं बोलायचं असतं. पोटच्या पोरीशी बोलावं तसं."

इकडे मोठी अजून फोनकडेच बघत होती.

"रागावले?" धाकटीने विचारलं.

"नाही. मॅडम म्हणाले मला."

 धाकटी उठली, कपाटातून थंडीतली जाड पँट काढली आणि फ्रॉकच्या आत चढवू लागली. मग मोठीच्या पँटा ओढून तिच्यापुढे टाकल्या.

"तू दोन घाल."