चाळीसच्या चाळीस

"एकोणचाळिसावा, सहा. चाळिसावा, एक. संपलं," बिनतारी संचावर घियास म्हणाला.

हनादीने बेरीज केली, खाली लिहिली, आणि पेन्सिल हातातच राहिली. वहीत चाळीस चौकोन होते. चाळीसही भरलेले.

"एकही फुली नाही?" नर्स लमीस तिच्या खांद्यावरून वाकली. "बाई गं, आज बक्लावा तुझ्याकडून!"

रोज चाळिसांतले पंधरा-वीसच आकडे मिळायचे. बाकीचे खरखरीत बुडायचे. या तळघरातल्या इस्पितळातून हद्दीकडे दोनच रस्ते जात, एक ऑलिव्हच्या बागांतून, दुसरा दगडखाणीवरून. आज त्यातला कुठला मोकळा आहे, हे फक्त डोंगरमाथ्यावर बसलेल्या घियासला, तिच्या नवऱ्याला, दिसायचं. उघड सांगावं तर पलीकडचे तोफवाले ऐकणार. म्हणून तो आधी फासे टाकून आकडे वाचायचा. कितवा-कितवा नीट ऐकू आला, एवढंच हनादी परत सांगायची, आकडा नाही. तेवढ्यांचीच दोघं आपापल्या जागी बेरीज करायची. सम आली, तर तो पुढे ज्याचं नाव घेईल तोच रस्ता. विषम आली, तर दुसरा. डोंगरामागच्या शत्रूच्या कानातही खरखर असायचीच, पण यांची वेगळी, त्यांची वेगळी. हनादीला मिळालेल्यांतला एक जरी त्यांना हुकला, की बेरीज गेली. सात महिने त्या एका हुकलेल्या आकड्याच्या भरवशावर गाड्या सुखरूप जात होत्या.

आज वर गाडीत तीन बाळं होती. दिवस भरायच्या आधीच आलेली, तिघं मिळून साडेचार किलोंची. मधल्याचं अजून नावही ठेवलं नव्हतं.

"हनादी," संचातून घियासचा आवाज आला, "तू आज फार स्पष्ट ऐकू येतेयस."

त्याला सर्दी झाली होती. त्याने नाक ओढलं तेसुद्धा ऐकू आलं.

"औषध घेतलंस का?" तिने विचारलं. आणि मग वहीतल्या भरलेल्या चौकोनांकडे पुन्हा पाहिलं.

दार ढकलून अबू जुमआ आत आला. गावातले सगळे रेडिओ दुरुस्त करणारा म्हातारा. बूट चिखलाने भरलेले, चेहरा नुसता फुललेला.

"काय पोरी? कसं वाटतंय?"

"तुम्ही काय केलंत?"

"पाण्याच्या टाकीवर नवं यंत्र बसवलं! आवाज पकडायचा आणि जोर लावून चहूकडे फेकायचा. पहाटेपासून लटकलो होतो वर. अगं, किती दिवस ऐकतोय तुमचं, 'परत सांग, परत सांग'. घरी आमची उम्म जुमआ मागेच लागली होती. म्हणे, अहो, त्या दोघांसाठी काहीतरी करा, रोज घसा फोडतात बिचारी." तो स्वतःशीच हसला. "आता नुसते कुजबुजलात तरी हमा शहरापर्यंत ऐकू जाईल."

"अबू जुमआ, ती खरखर आम्हाला हवी होती."

"खरखर कुणाला हवी असते गं?"

तिने वही त्याच्यापुढे केली. चार वाक्यांत सांगितलं. म्हातारा कारागीर होता, त्याला पाचवं लागलं नाही. त्याने टोपी काढली, परत घातली.

"उतरवतो. आत्ता जातो."

"किती वेळ लागेल?"

"पोचायलाच तास. मग वर चढायचं..."

"बाळांचा ऑक्सिजनचा सिलिंडर पस्तीस मिनिटांचा आहे," लमीस म्हणाली. बक्लाव्याचं आता कुणालाच आठवत नव्हतं. "हनादी, दुसरा लहरपट्टा लाव ना."

"या संचाला एकच आहे."

जिन्याच्या तोंडाशी गाडीवाला नौफल येऊन उभा राहिला. "ताई, बाळं निळी पडायच्या आत सांगा. कुठून घालू? बाग की खाण?"

हनादीने बटण दाबलं. "घियास, काही बोलू नकोस."

त्याला कळलं होतं. कदाचित तिच्या आधीच. त्याच्या डोळ्यांसमोर दोन्ही रस्ते पसरलेले होते, एक मोकळा, एक नाही. त्याने बटण दाबून धरलं असावं, कारण त्याचा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. काहीतरी म्हणण्यासाठी घेतलेला, मग तसाच सोडलेला.

मग त्याने बटण सोडलं असावं, श्वास ऐकू येईनासा झाला आणि डोंगरामागून दुसराच आवाज आला. तरुण, शांत, शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखा नीटस.

"का थांबलात, ताई? आमच्याकडेही आज चाळीसच्या चाळीस आलेत. एकशे एकोणचाळीस. विषम. बरोबर ना?"

वहीत, पेन्सिलीच्या टोकाखाली, तेच लिहिलेलं होतं.

नौफलने एकदा वर गाडीकडे पाहिलं, एकदा हनादीकडे. अबू जुमआ पुढे झाला आणि त्याने संचाचा आवाज हळूच कमी केला, घरात तान्हं झोपलेलं असलं की करतात तसा.