खांद्यावरचं घर

नवा रस्ता आला, जमिनीचे भाव चढले आणि लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी तेन्रीने रस्त्यालगतची जागा विकली. त्या जागेवर थोरल्या बहिणीचं लाकडी घर तीस वर्षं उभं होतं. “नेते माझं घर,” एवढंच म्हणून ताईने बोलणं टाकलं.

सुलावेसीतल्या त्या गावात घर मोडून नेत नाहीत. शुक्रवारच्या नमाजानंतर पन्नास गडी आले, त्यांनी खांबांना बांबू बांधले आणि अख्खं घर खांद्यावर उचललं. ताई पुढे निघाली, कब्रस्तानापलीकडच्या दलदलीकडे. तिथे जागेला कुणी भाव विचारत नव्हतं.

वाटेत तेन्रीचं घर लागलं. ती आडवी आली. “माझ्या परसात उतरवा.”

“तिथे तुझ्या मिरच्या आहेत.” ताईला बोलावंच लागलं.

“काल उपटल्या. खांबांखालचे दगडही मांडलेत.”

ताईने दगड मोजले. बाराच्या बारा होते, अगदी मापात.

घर पेलून गडी घामाघूम झाले होते. “लवकर सांगा, दार कुणीकडे?”

“हिच्या चुलीकडे,” ताई घुश्शातच म्हणाली. “मिठाची आठवण अजून मलाच करून द्यावी लागते हिला.”