चेरीची काडी

फोन वाजला तेव्हा दत्ताराम शिडीवर होता, हातात चेरीचं फूल. कापडाचं. दुबईतल्या अल क्वोजच्या त्या वेअरहाऊसमध्ये मॉलसाठी चेरीची झाडं बनत. सुक्या खोडावर जातीप्रमाणे फुलं चिकटवायची. योशिनो फिकट, कानझान गडद गुलाबी, शिरोताए पांढरीशुभ्र. जिथे उन्हात चपलेचा तळ वितळतो, तिथे चेरीचा बहर! पण मॉलवाले खूश, मालक खूश.

त्याचे वडील, आबा, म्हणजे अख्ख्या गावाची आंब्याची कलमं बांधणारा माणूस. "झाडांत राहणार असशील तरच जा," म्हणाले होते. मग दत्तारामने ठोकून दिलं, तिकडे मी माळी आहे. वरचा पत्रा दिसणार नाही असा फोन धरून तो व्हिडिओ कॉलवर आबांना झाडं दाखवी. आबा डोळे बारीक करून बघत.

"फळ धरतं का रे?"

"नाही आबा. नुसती शोभेची."

"असू दे. सुट्टीवर येशील तेव्हा एक काडी आण, कलम बांधून बघू. पण तूच आण हो, ओल्या फडक्यात गुंडाळून. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस."

झाली का पंचाईत! दुबईत खऱ्या चेरीची काडी आणायची कुठून? दोनदा सुट्टी मंजूर झाली, दोनदा त्याने पुढे ढकलली. रिकाम्या हाताने आबांसमोर जायची लाज वाटे. आबांनी अंथरूण धरलं तरी त्याचं आपलं एकच, "पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला." शेवटी काल त्याने ठरवलं, जायचं, पाय धरायचे, खरं सांगून टाकायचं. शुक्रवारचं तिकीटही काढलं.

फोन कावेरीचा होता, त्याच्या बायकोचा.

"अहो, आबा गेले. पहाटेच."

दत्ताराम तिथेच पायरीवर बसला. खालून फोरमन ओरडत होता, "यल्ला दत्ता, जल्दी करो!" त्याला काही ऐकू येईना. हुंदकाच फुटला.

"मी फसवलं गं त्यांना. झाडं खोटी आहेत. काडी मिळेना, म्हणून आलो नाही मी."



"त्यांना ठाऊक होतं," कावेरी म्हणाली. "पहिल्याच कॉलनंतर मला म्हणाले, मोहोरावर एक माशी नाही, झाड खोटं आहे. पण त्याला बोलू नकोस. मी काडी मागतो. ती काही मिळायची नाही, मग खरं सांगायला तरी घरी येईल."